दोतोर्नीला नाव घालण्यापासून क्रिज्मपर्यंत : गोव्यातल्या मराठी घरांसाठी

दर जूनमध्ये आमच्या इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हरांड्यात दोतोर्नीची नावनोंदणी असते. तेव्हा एक-दोन आया रांगेच्या कडेला अवघडून उभ्या राहिलेल्या दिसतात. कुणी सावंतवाडीकडून आलेली, कुणी वसईची, कुणी बेळगावची. नवरा वेर्ण्याला कारखान्यात, मुलगा तिसरीत. रांगेतल्या बाकीच्या कोंकणीत बोलत असतात, फॉर्म रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांतल्या कोंकणीत असतो. शेवटी ती बाई माझ्यापाशी येऊन हळू आवाजात विचारते, "टीचर, आमच्याकडे धर्मशिक्षण म्हणतात, तेच ना हे?"

तेच. नावं तेवढी वेगळी आहेत. फिर्गज म्हणजे आपलं धर्मग्राम, विगार म्हणजे तिथले प्रमुख धर्मगुरू. मिसा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. पयलें कुमगार म्हणजे पहिलं ख्रिस्तशरीर, म्हणजे मिसेतला पवित्र पाव पहिल्यांदा घेणं. कुमसार म्हणजे पापनिवेदन, क्रिज्म म्हणजे दृढीकरण, बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करणारा संस्कार. पादिन आणि मादिन म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता. एवढे शब्द कानावरून गेले की अर्धी भीती जाते.

मी चौदा वर्षं दोतोर्न शिकवते आहे. माझं माहेर सिंधुदुर्गातलं, घरी आम्ही मराठीच बोलतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पुन्हापुन्हा पाहिली. मराठी घरातले आईवडील 'आम्हाला कोंकणी नीट येत नाही' म्हणून मुलाची सगळी तयारी इगर्जीवर सोपवतात आणि घरातली मराठी प्रार्थना हळूहळू बंद पडते. मग मूल कोंकणी प्रार्थना पोपटासारखी म्हणतं आणि मराठीत देवाशी बोलायचं राहूनच जातं. हा लेख त्यासाठी लिहिते आहे. कागद, वर्ग, कपडे हे सगळं सांगतेच, पण घरातलं काम तुमचं आहे आणि ते मराठीत करायचं आहे.

मराठीत धर्म शिकवणं हे गोव्याच्या मातीला नवीन नाही. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आले, ते रस्त्यानं घंटा वाजवत मुलांना दोतोर्नीला बोलवायचे. पुढे गोव्यातल्या साष्टीत काम करणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. त्यांचंच कोंकणी दोतोर्नीचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली तिथंच निघालं. एकाच माणसाला दोन्ही भाषा लागल्या. तुमच्या मुलालाही दोन्ही लागतील.

कागदपत्रं आधी

फिर्गज राहत्या जागेच्या हद्दीवरून ठरते. भाड्याच्या खोलीत राहत असलात तरी त्या हद्दीतली इगर्ज तुमचीच. विगाराच्या कचेरीत शक्यतो आठवड्यातल्या दिवशी जा. रविवारी मिसेनंतर त्यांना दोन मिनिटंही मोकळी मिळत नाहीत. आपल्या वाड्यावरच्या लहान ख्रिस्ती समुदायाची बैठक कधी असते तेही विचारून घ्या. नव्या घराची ओळख तिथंच होते.

सोबत मुलाचा जन्मदाखला, बाप्तिस्म्याचा दाखला आणि तुमच्या चर्चमधल्या लग्नाचा दाखला न्या. लग्न चर्चमध्ये झालेलं नसेल तर त्या संकोचानं मुलाचं नाव घालायचं टाळू नका. फादरांना सरळ सांगा. तुमचा प्रश्न ते वेगळा हाताळतील, मुलाची तयारी त्यापायी अडून राहायचं कारण नाही.

सगळ्यात जास्त खोळंबा बाप्तिस्म्याच्या दाखल्याचा होतो. मूल जिथं बाप्तिस्मा घेतं तिथल्याच नोंदवहीत ते असतं आणि दाखला तिथूनच मिळतो. सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली वेगळा झाला, आधी तो भाग पुण्याकडे होता. म्हणून काही जण पुण्याच्या बिशप हाऊसला लिहीत बसतात. तसं करू नका, थेट त्या चर्चला लिहा. पत्रात मुलाचं बाप्तिस्म्याचं नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची अंदाजे तारीख, आईवडिलांची पूर्ण नावं, आईचं माहेरचं आडनाव आणि धर्मपिता-धर्ममातेची नावं द्या. एका मुलाचा दाखला पहिल्या कुमगाराच्या आदल्या शुक्रवारी हातात आला होता. त्या माउलीनं तो आठवडा कसा काढला ते मी पाहिलंय. जूनमध्ये नाव घालायचं असेल तर फेब्रुवारीतच पत्र टाका.

आपल्याकडे शाळेत नाव रोहित आणि बाप्तिस्म्याचं नाव फ्रान्सिस असं पुष्कळ घरांत असतं. दोन्ही नावं एकाच मुलाची आहेत हे पहिल्याच भेटीत सांगा. नोंदवहीच सापडत नसेल तरी वाट बंद होत नाही. बाप्तिस्मा डोळ्यांनी पाहिलेल्या एका विश्वासू साक्षीदाराचं निवेदनही चर्चचा कायदा मान्य करतो.

बाप्तिस्माच झाला नसेल तर? बाळ असेल तर जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच तो द्यावा असं चर्च सांगतं. धर्मपिता किंवा धर्ममाता सोळा वर्षं पूर्ण झालेली, दृढीकरण आणि ख्रिस्तशरीर घेतलेली कॅथलिक व्यक्ती हवी. बाळाचे आईवडील स्वतः ती जागा घेऊ शकत नाहीत. एकच व्यक्ती असली तरी चालतं, दोन असतील तर एक पुरुष आणि एक स्त्री. जिवलग हिंदू मैत्रिणीला हा मान द्यावा असं वाटणं मी समजू शकते, पण हे नातं श्रद्धेच्या जबाबदारीचं आहे, तिला दुसरी मानाची जागा द्या. मूल सात वर्षांचं झालं असेल तर मात्र चर्च त्याला मोठ्या माणसासारखं, स्वतः समजून होकार देणारं धरतं. त्याची तयारी वेगळी आणि जास्त काळ चालते. त्यासाठी जूनची वाट न पाहता फादरांना भेटा.

घरातली दहा मिनिटं

रात्री जेवणं झाल्यावर दहा मिनिटं, याहून जास्त नको. आधी क्रुसाची खूण. ती घाईत माशी वारल्यासारखी होऊ नये म्हणून मुलाचा हात हातात धरून सावकाश करा. मग 'हे आमच्या स्वर्गातील बापा', मग 'नमो मरिया'. ही दोन मराठीत अर्थासकट पक्की व्हायला दोन महिने लागले तरी लागू द्यात. रोज एका ओळीवर बोला. 'आमची रोजची भाकर' म्हणजे काय? आज आपल्या ताटात काय होतं, ते कुणी कमावलं, कुणी रांधलं, शेजारी कुणाच्या ताटात नव्हतं का? आठ वर्षांचं मूल या प्रश्नांना जी उत्तरं देतं, ती ऐकून मी कितीदा गप्प झाले आहे.

त्यानंतर त्याच प्रार्थना कोंकणीत. 'आमच्या बापा सर्गींच्या' ऐकल्यावर मराठी मुलाला आपोआप जोड्या सापडतात. सर्ग म्हणजे स्वर्ग, कुर्पा म्हणजे कृपा, म्हयमा म्हणजे महिमा. हा खेळच करा. 'भोगस' म्हणजे क्षमा कर, हे मात्र सांगावं लागतं, नाहीतर मुलं त्यातून भोग आणि भोगणं असलं काहीतरी काढतात.

पुस्तक रोमी लिपीत असतं आणि मराठी शाळेतलं मूल तिथं अडखळतं. चार खुणा शिकवल्या की वाचन सुटतं. एक्स हे अक्षर दिसलं की श म्हणायचा. शब्दाच्या शेवटी एम आला तर तो बहुतेक वेळा नुसता नाकातला उच्चार असतो, ओठ मिटायचे नाहीत. एक टी म्हणजे त, दोन टी म्हणजे ट, तसंच डीचं. आणि ओ पुष्कळदा आपल्या अ-च्या जागी येतो. मी पहिल्या महिन्यात मुलांना वहीत रोमी ओळीखाली देवनागरी ओळ लिहू देते. दिवाळीपर्यंत ती खालची ओळ त्यांना लागत नाही.

पूर्ण तेर्स, म्हणजे पाच रहस्यांची जपमाळ, लहान मुलाकडून रोज म्हणवून घेऊ नका. एक रहस्य, दहा 'नमो मरिया', तेही गोष्ट सांगून. ऑक्टोबरमध्ये वाड्यावर सगळे मिळून तेर्स म्हणतात, तिथं मात्र न्याच. मोठ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळायला मूल तिथं शिकतं.

रविवार

वर्ग बहुतेक ठिकाणी मिसेच्या आधी किंवा नंतर तासाभराचा असतो. हजेरी पाळा. पण वर्गाला सोडायचं आणि मिसेच्या वेळी घरी न्यायचं, असं करणारे पालक आहेत. त्यांना मी हात जोडून सांगते, मिसा हाच मोठा वर्ग आहे. मुलाला घेऊन पुढच्या बाकावर बसा. मागच्या बाकावरून त्याला फक्त माणसांच्या पाठी दिसतात. शनिवारी रात्री उद्याचं शुभवर्तमान मराठी बायबलमधून वाचून ठेवलं, की दुसऱ्या दिवशी कोंकणीतलं वाचन त्याला ओळखीचं वाटतं, कोपरानं ढोसून तो सांगतो, "आई, कालची गोष्ट!"

घरी आल्यावर 'पाठ झालं का?' असं विचारू नका. 'आज येशूनं काय केलं?' असं विचारा.

पहिलं कुमसार

इथं मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं आणि ते बहुधा घरातून होतं. 'थांब, फादरांना सांगीन', 'हे कुमसाराला सांगावं लागेल हं!' असा धाक वर्षभर घातलेलं मूल कुमसाराच्या दिवशी थरथरत येतं. पहिल्या ख्रिस्तशरीराआधी पापनिवेदन व्हावं असा चर्चचा नियम आहे. मुलाला ते क्षमेचं दार वाटावं यासाठी तो आहे. पोलीस चौकी वाटण्यासाठी नाही.

तयारी पाच पायऱ्यांची. आठवणं, वाईट वाटणं, पुन्हा न करण्याचं ठरवणं, फादरांना सांगणं, आणि त्यांनी दिलेलं प्रायश्चित्त करणं. मुलं चौथीवर अडतात, पण खरा कस दुसरीवर लागतो. सापडल्याचं वाईट वाटणं आणि दुखावल्याचं वाईट वाटणं यातला फरक आठ वर्षांच्या मुलाला कळतो, जर कुणी शांतपणे समजावला तर. माझ्या वर्गात एका मुलीनं मैत्रिणीची कंपासपेटी मोडून ती दुसऱ्याच मुलीवर ढकलली होती. तिला 'खोटं बोलले' हे सांगता येत होतं. दुसऱ्या मुलीला सगळ्यांसमोर रडावं लागलं, हे आठवल्यावर ती स्वतः रडली. मग ती दोघींकडे जाऊन आली, तेव्हा कुमसाराला तीन दिवस होते. मी तिला काही करायला सांगितलं नव्हतं.

पापांची छापील यादी पाठ करून घेऊ नका. रात्री दिवस उलटा आठवायला शिकवा, झोपण्यापासून सकाळपर्यंत. कुठं बरं वाटलं आणि कुठं बोचलं. आधी बरं वाटलेलं, त्याबद्दल आभार. मग बोचलेलं.

सुरुवातीचं वाक्य मराठीत ठरवून ठेवा. "फादर, मला आशीर्वाद द्या. हे माझं पहिलंच पापनिवेदन आहे." मूल मराठीत बोलणार हे फादरांना आधी कळवा. पुष्कळ फादरांना मराठी समजतं आणि मुलाला परक्या भाषेत शब्द शोधत बसावं लागत नाही.

दोन गोष्टी मुलाला ठणकावून सांगा. तिथं सांगितलेलं फादर कुणालाही सांगत नाहीत, आईलासुद्धा नाही, त्यांना तशी मुळीच मोकळीक नाही. आणि बाहेर आल्यावर आईबाबाही विचारणार नाहीत. हा दुसरा शब्द पाळा. तिसरी गोष्ट तुमच्यासाठी. मुलांचं कुमसार सगळ्यांना दिसेल अशा उघड्या जागी, पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर व्हावं. वर्गातही कुणी मोठं माणूस एकाच मुलासोबत बंद खोलीत असू नये. ही व्यवस्था कशी आहे ते फिर्गजीत विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विचारणारे पालक आम्हा शिक्षकांना हवे असतात.

पहिलं ख्रिस्तशरीर

पूर्वी मुलांना फार मोठं होईपर्यंत थांबवून ठेवत. पोप दहावे पायस यांनी ८ ऑगस्ट १९१० रोजी ठरवून दिलं, की साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास समज आली की मुलानं ख्रिस्तशरीर घ्यावं. वर्गाची तयारी धरून आपल्याकडे मूल प्रत्यक्षात थोडं मोठं असतं. त्याला धर्मशास्त्र यायला नको. हा साधा पाव राहिलेला नाही, येशू मला भेटायला आला आहे, हे त्यानं आपल्या शब्दांत सांगावं आणि मनापासून यावं.

सराव अभिषेक न झालेल्या होस्तीनं, म्हणजे पावाच्या पातळ चकतीनं करून घेतात. घरी फक्त हात शिकवा. डावा तळहात वर, उजवा खाली. फादर म्हणतील 'ख्रिस्ताची कूड', तेव्हा ऐकू येईल असं 'आमेन'. मग उजव्या हातानं उचलून तिथंच तोंडात, चालत चालत नाही. जिभेवर घ्यायची मोकळीकही आहेच. टाळूला चिकटली तर घाबरू नये, हेही सांगून ठेवा. ख्रिस्तशरीर घेण्याआधी तासभर काही खायचं नसतं. पाणी आणि औषध चालतं. दर वर्षी कुणीतरी आई मुलाला पहाटेपासून पाण्याविना ठेवते आणि ते उकाड्यात चक्कर येऊन बसतं.

मुलाला गव्हाचा त्रास असेल तर दोन महिने आधी फादरांशी बोला. अगदी कमी ग्लुटेनची होस्ती वापरायची परवानगी आहे. तीही सोसत नसेल तर फक्त द्राक्षरसाच्या रूपात देता येतं.

गोंगाट न सोसणारं, ओळीत न बसणारं, बोलायला उशिरा लागलेलं मूल असेल तर त्याला घरी ठेवू नका. त्याच्या शक्तीप्रमाणे त्याला शिकवणं हे फिर्गजीचं कर्तव्य आहे, चर्चचा कायदाच तसं सांगतो. आमच्याकडे एका मुलाला माइकच्या आवाजानं कानावर हात ठेवावे लागायचे. आम्ही बुधवारी दुपारी, इगर्ज रिकामी असताना, त्याला दारापासून वेदीपर्यंत चालवत न्यायचो. सात बुधवार. आठव्या वेळी तो भरलेल्या इगर्जीतून चालत गेला.

कपड्यांबद्दल माझं मत ठाम आहे. पांढरा, स्वच्छ, साधा. मोठ्या बहिणीचा किंवा शेजारच्या मुलीचा झगा चालतो. भाड्याचा हॉल, बँड, छापील पत्रिका यांसाठी कर्ज काढणारी घरं मी पाहिली आहेत. त्या घरातलं मूल आदल्या दिवशी फोटोग्राफरची काळजी करत होतं. घरी माणसं बोलवा, पुलाव करा, शेजारच्यांना बिबिंक द्या. हिंदू नातेवाईक आणि शेजारी मिसेला आले तर आनंदच आहे. ख्रिस्तशरीराच्या रांगेत मात्र यायचं नसतं, हे त्यांना आधीच प्रेमानं सांगितलं की तिथं कुणी ओशाळत नाही.

मधली वर्षं

पहिल्या कुमगारानंतर मुलं गळतात. ट्यूशन, फुटबॉल, रविवारचे सामने. एक उपाय हमखास चालतो, मुलाला काम द्या. वेदीसेवक, वाचक, गायनमंडळ, नाताळचा गोठा. आणि एकदा जुन्या गोव्याला न्या, पण नुसतं संत झेवियरांच्या दर्शनाला नाही. तिथल्या से कथेद्राल या मोठ्या चर्चमध्ये १५३२ सालचं बाप्तिस्म्याचं दगडी पात्र आहे. त्याच्यापाशी उभं राहून मुलाला त्याच्या बाप्तिस्म्याची तारीख सांगा. बहुतेकांना ती माहीत नसते.

क्रिज्म

वय फिर्गजीनुसार बदलतं, पण मूल किशोरवयात असतं आणि प्रश्न विचारायला लागलेलं असतं. विचारू द्या. उत्तर येत नसेल तर 'फादरांना दोघं मिळून विचारू' म्हणा. हा संस्कार मुख्यतः बिशप देतात. पवित्र आठवड्यात त्यांनीच आशीर्वादित केलेलं सुगंधी तेल कपाळाला लावून ते पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा देतात. सोबतीला शक्यतो बाप्तिस्म्याचीच पादिन किंवा मादिन असावी असं चर्च सुचवतं. म्हणून ती माणसं आधीच विचारपूर्वक निवडायची.

एखाद्या संताशी दोस्ती करायला याच वयात सांगते. बाणावलीला १६५१ साली जन्मलेले संत जुझे वाझ सगळ्यांना ऐकून माहीत असतात, पण कॅथलिक धर्मावर बंदी असताना ते लपतछपत श्रीलंकेत कसे राहिले हे सांगितलं की मुलं सरसावून बसतात. हणजुण्यात जन्मलेले, पिळारचे पूज्य आग्नेल यांची गोष्ट घराजवळची. आणि २०२५ साली संत झालेला कार्लो आकुतिस, जीन्स घालणारा, संगणकवेडा, पंधराव्या वर्षी गेलेला. त्याच्या गोष्टीनंतर वर्गात शांतता पसरते.

संस्कार झाल्यावर एक काम उरतं आणि ते बाहेरून आलेल्या घरांत हमखास राहून जातं. दृढीकरणाची नोंद मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीही व्हायला हवी. तशी सूचना इथले विगार तिकडच्या चर्चला पाठवतात. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा त्या चर्चच्या कचेरीत जा, नोंदवही उघडून घ्या आणि ती ओळ लिहिली गेली आहे का ते मुलालाच वाचायला सांगा.